आई-बाबांना, विंचवांबद्दल

टूसॉन, ॲरिझोना

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हो, आमच्या घरात विंचू निघतात. छोटी फोनवर जे बोलून गेली ते खरं आहे. त्यानंतर तुझ्या घशाखाली घास उतरत नाही असं बाबांकडून कळलं, म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवतेय. फोनवर हा विषय निघाला की तुझा आवाज कापरा होतो आणि बाबा "आपल्याकडे काय कमी आहेत का?" म्हणून मिटवून टाकतात. बाबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे खरंच कमी नाहीत, आणि मला या वाळवंटातल्या विंचवापेक्षा आपल्या घरातल्या विंचवाची धास्ती जास्त आहे. मे महिन्यात छोटीला घेऊन येतेय. त्याआधी हे तुमच्या हातात पडायला हवं.

आधी इथलं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. हे सोनोरन वाळवंट. नुसती वाळू नाही, खडक, काटेरी झुडपं आणि माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग आहेत. विंचवांच्या जाती पुष्कळ, पण जिवावर बेतू शकेल अशी एकच, बार्क स्कॉर्पियन. वाळल्या गवताच्या रंगाचा, बोटाएवढा. हा भिंतीवर चढतो आणि वस्तूच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसतो. म्हणून कुंडी किंवा दगड उचलताना खालून बोटं घालायची नाहीत, हे इथे मुलांना अगदी लहानपणापासून सांगतात. धडधाकट मोठ्या माणसाला चावला तर ठणका, झिणझिण्या, बधिरपणा, आणि मग हळूहळू उतरतं. लहान मुलांचं वेगळं. त्यांचे डोळे गरगरतात, हातपाय आवरत नाहीत, श्वास अडतो. त्यावर ॲनास्कॉर्प नावाचं प्रतिविष आहे, मेक्सिकोत बनतं, २०११ मध्ये त्याला इथे मान्यता मिळाली. शिवाय इथल्या विद्यापीठाच्या फार्मसी कॉलेजात विषबाधा केंद्र आहे. रात्री-अपरात्री फोन केला तरी जाणकार माणूस उचलतो आणि घरी थांबायचं की निघायचं ते सांगतो. तो नंबर आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.

घराचं म्हणशील तर दाराखाली रबरी पट्ट्या ठोकल्यात. एटीएम कार्डाच्या जाडीची फट असली तरी विंचू आत शिरतो. न्हाणीघरातल्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवल्या. छोटीचा पलंग भिंतीपासून हातभर दूर असतो, पांघरूण जमिनीला टेकू देत नाही. ती तान्ही होती तेव्हा पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवले होते, कारण स्वच्छ काचेवर विंचवाला चढता येत नाही. फवारणीने विंचू सहजासहजी मरत नाही, पण झुरळं आणि रातकिडे कमी झाले की त्याचं खाणंच तुटतं. आणि रात्री झोपण्याआधी आम्ही अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन घरातून आणि अंगणातून एक फेरी मारतो. त्या जांभळ्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. पालापाचोळ्यात, भिंतीच्या सांदीत, जिथे साध्या बॅटरीने दिसणारसुद्धा नाही तिथे तो लखकन उठून दिसतो. त्याच्या कवचातच ते द्रव्य असतं, स्पिरिटमध्ये घालून ठेवलेला मेलेला विंचूही तसाच चमकतो. फक्त नुकतीच कात टाकलेला चमकत नाही, म्हणून टॉर्चवर सगळा भरवसा टाकायचा नाही. छोटीने ज्याच्याबद्दल सांगितलं, तो याच फेरीत सापडला. चिमट्याने उचलून बाटलीत घातला. तिला काही झालं नाही, तिने तो लांबून पाहिला एवढंच.

आता आपलं.

आपल्याकडे काळी इंगळी निघाली की अख्खी वाडी गोळा होते. ती मोठी, जाड नांग्यांची, बघूनच अंगावर काटा येतो. पण जिवाला धोका तिच्यापेक्षा लहानशा लाल विंचवाचा जास्त. तांबूस अंग, बारीक नांग्या आणि मागे जाड शेपटी, ही खूण लक्षात ठेवा. जगातल्या सर्वांत घातक विंचवांत तो मोडतो, आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे त्याचं माहेर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी, गडगे, पातेरा, लाकडं, कौलं, त्याला हवं ते सगळं आपण पिढ्यानपिढ्या घराभोवती रचून ठेवलंय. पावसाच्या तोंडावर, एप्रिल ते जून, आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत तो जास्त चावतो. नेमकी छोटी येणार तेव्हाच.

त्याचं विष काय करतं हे मी मुद्दाम समजून घेतलं. शरीर घाबरल्यावर जी द्रव्यं रक्तात सोडतं, त्यांचा त्या विषाने अक्षरशः पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या जोराविरुद्ध दमतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणं, ही त्याची सुरुवात. बाबा, इथे एक गोष्ट नीट वाचा. नुसताच जबर ठणका असेल आणि बाकी काही नसेल तर बहुतेक वेळा निभावतं. दुखणं फारसं नाही पण अंग घामाने थबथबलंय आणि तळवे बर्फासारखे आहेत, ही खरी धोक्याची वेळ. आपल्याकडे लोक "फार दुखत नाही ना, मग झोप" म्हणतात, त्याने घात होतो.

माझ्या वर्गातली ती मुलगी तुम्हाला आठवत असेल, वरच्या वाडीतली. संध्याकाळी चुलीसाठी लाकडं काढायला गेली आणि हाताला चावला. घाम, उलट्या, सगळं तसंच झालं होतं. रात्रभर उतरवणं चाललं, सकाळी गाडी मिळाली. शाळेत तिच्या जागेवर कितीतरी दिवस कोणी बसलं नाही. मोठी झाल्यावर मी वाचलं की त्या वेळी यावरचा उपाय महाडमध्ये ठाऊक होता, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. तेव्हापासून हे माझ्या मनात घर करून आहे.

त्या उपायाची हकिकत तुम्ही वाडीत सगळ्यांना सांगावी असं मला फार वाटतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आणि १९८२ मध्ये त्या लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. मग प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडलाच अभ्यास करून दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर माणूस आणखी लवकर बरा होतो. ते २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. २०२२ मध्ये हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली. भारतात आणि बाहेरही या विंचवावर उपचार करताना कोकणातल्या एका खेड्यात शिकलेली ही गोष्ट वापरतात, आणि आपल्या वाडीत अजून कांदा चोळतात. हे मला सहन होत नाही.

विंचू उतरवणाऱ्या आजोबांचा मला राग नाही. ते पैसे घेत नाहीत, रात्री उठून येतात, माणसाला धीर देतात. बहुतेक विंचवांचं विष आपोआपच उतरतं, म्हणून त्यांचा हात गुणी वाटतो. पण जे आपोआप उतरणार नाही, त्यात दवाखान्यात पोचायचे तासच सगळं ठरवतात. तुम्हाला त्यांना बोलवायचंच असेल तर गाडीत बरोबर घ्या, वाटेत मंत्र म्हणू देत. गाडी मात्र थांबवू नका. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करा, आणि ती यायला उशीर होतोय असं दिसलं तर शेजारच्या रिक्षाने निघा. दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून चावल्या जागी धरा, माणसाला शांत पडून राहू द्या.

आणि बाबा, ती प्राझोसिनची गोळी आणून कपाटात ठेवू नका. तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यावर ही स्वतःहून घेतली तर रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येईल. ती डॉक्टरांनी द्यायची, पेशंटला आडवं ठेवून, नाडी आणि रक्तदाब बघत. तुम्ही करायचं ते एवढंच: दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, प्राझोसिन आहे का, विंचवाचं प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का. जिथे तिन्हीला "हो" असेल तिथेच जायचं, हे आत्ताच ठरवून ठेवूया. तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात असू दे, तुम्हालाच चावला तर डॉक्टरांना ती लागेल.

आई, आता घर. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. पडवीतल्या लाकडांची रास भिंतीला टेकलेली आहे, ती हटवून खळ्याच्या पलीकडे, चार चिऱ्यांवर उचलून रचायला सांग. स्वतः हलवू नकोस, गडी लावा, आणि त्याच्या हातात जाड मोजे आणि पायात बूट असू देत. सोडणं, झावळ्या आणि शेणी न्हाणीघरामागे आहेत, त्याही तिथून हलव. लाकूड काढताना आधी काठीने हलवायचं, मग हात. गडगा पाडा असं मी म्हणणार नाही, पण घराच्या जोत्याच्या फटी सिमेंटने भरून घ्या, आणि शाकारणीला माणसं येतील तेव्हा कौलं खाली उतरवताना मुलांना आसपास फिरकू देऊ नका. माजघराच्या मागच्या दाराखालून उजेड दिसतो, तिथे पट्टी ठोकायची. ती मी आणते.

मला सगळ्यात काळजी आढीची आहे. आंब्याची आढी पेंढ्यात, माळ्यावरच्या काळोखात, आणि पोरांचा हात पहिला जातो तो तिथेच. मी तेच करायची. या वर्षी आढी ओटीवर, उजेडात, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालूया. पेंढा आधी अंगणात पसरून उन्हात झाडून घ्यायचा. छोटीने आंबा मागितला तर तो मोठ्या माणसाने काढून द्यायचा. आई, तू लाडाने "जा, घे तू" म्हणशील, म्हणून आत्ताच विनवते.

रात्री झोपायला मच्छरदाणी गादीखाली सगळीकडून खोचलेली. चपला आणि गोधड्या झटकून. अंधारात न्हाणीघरात जाताना अनवाणी नाही, हे बाबांसाठी, कारण तुम्ही अजून ऐकत नाही. पायाला साखरेमुळे कमी जाणवतं, चावलेलंही उशिरा कळेल.

दोन अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पाठवल्यात, पुण्याच्या आत्याकडे पोचतील. एक तुमचा, एक वाडीचा. दिवेलागणीनंतर दोन तासांनी, पायात बूट घालून, घराभोवती फेरी मारा. आधी जोतं, मग लाकडं, मग गडगा. टॉर्चचा उजेड डोळ्यांत घेऊ नका. विंचू दिसला तर लांब चिमट्याने धरा, हाताने कधीच नाही. पाठीवर पांढरी पिल्लं घेतलेली मादी असेल तर ठेचू नका, पिल्लं इकडेतिकडे पांगतात. वरून काचेची बरणी उपडी घाला आणि खालून पत्रा सरकवा. कोंबड्या आणि पाली विंचू खातात, म्हणून पालींना खराट्याने हाकलणं बंद करा.

बाबा, रुग्णालयात जाऊन आलात की मला फोन करा. इथे रात्र असली तरी करा. काय काय आहे ते कागदावर लिहून आणा आणि मला वाचून दाखवा. नसेल तर ते कुठे मिळेल हे मी इथून फोन करून शोधते, माझ्यावर सोडा. आई, आता नीट जेव. आम्ही तिघंही बरी आहोत, आणि आमच्या घराची काळजी आम्ही रोज घेतो.

तुमची,
बाय