तुरुंगात भेटीला जाण्याआधी कुणीतरी सांगायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुरुंगातली गर्दी, रेंगाळलेले खटले, जामीन यांवर आपल्या अंकात वरचेवर लिहून येतं आणि मी ते सगळं वाचते. फाटकाबाहेरच्या रांगेबद्दल मात्र काही वाचल्याचं आठवत नाही. माझा धाकटा भाऊ सध्या कच्चा कैदी आहे. त्याने काय केलं, काय नाही, ते न्यायालय बघेल. मला लिहायचंय ते त्याला भेटायला जाण्याबद्दल.

पहिल्यांदा गेले तेव्हा भेट झालीच नाही. भेटायला येणाऱ्यांची नावं आतल्या माणसाने आधी द्यायची होती आणि ती ओळखपत्राशी जुळायला हवी होती. भावाने सवयीने माझं माहेरचं आडनाव दिलं; ओळखपत्रावर सासरचं. खिडकीतल्या शिपायाने दोन्ही कागद शेजारी धरून बोट फिरवलं आणि माझं ओळखपत्र परत सरकवलं. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. पण आत भाऊ दाढी करून, पुकारा होईल म्हणून वाट बघत बसला होता. ताईला यायचंच नव्हतं, असं त्याच्या मनाने घेतलं. ते काढून टाकायला मला एक लांबलचक पत्र लिहावं लागलं, आणि तरी ते पुरतं निघालं असं वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला आत गेले. फोन, पर्स, किल्ल्या बाहेरच राहिल्या. विचारायच्या नऊ गोष्टी मी चिठ्ठीवर लिहून नेल्या होत्या: वकिलांची तारीख, त्याची औषधं, घराचा हप्ता वगैरे. झडतीत चिठ्ठीही काढून घेतली. समोर काच, पलीकडे तो, हातात रिसीव्हर. त्याच्या मनगटावर घड्याळाचा फिकट पट्टा तसाच होता, घड्याळ नव्हतं. तो पट्टा बघून मला रडू फुटलं ते थांबेना. मग मी ‘झोप लागते का रे?’ हे तीनदा विचारलं. नऊपैकी दोन गोष्टी झाल्या आणि वेळ संपली.

आता खेपा झाल्यामुळे कळतं. निघण्याआधी फोन करून दिवस, वेळ, एका वेळी किती जण, कोणते कागद हे सगळं विचारून घ्यायचं. प्रत्येक तुरुंगाचं वेगळं असतं. धातूची बटणं, पट्टे असलेले कपडे टाळायचे. विचारल्याशिवाय काही न्यायचं नाही, औषधसुद्धा नाही. महत्त्वाचं पहिल्या दोन मिनिटांत बोलून घ्यायचं, रडणं मागे ठेवायचं. खटल्याचा तपशील तिथे काढायचा नाही, तो वकिलांसाठी. आपलं बोलणं ऐकलं जाऊ शकतं. आणि उठण्याआधी पुढच्या वेळी कधी येणार ते सांगायचं. माझा भाऊ त्या तारखेवर दिवस काढतो.

भाच्याला नेताना मी सगळ्यात जास्त घाबरले होते. तो सहा वर्षांचा. बाबा कामाला परगावी गेलेत, असं घरात सांगितलं होतं. वहिनीचा जीव होत नव्हता, पण फाटकाशी गणवेश बघून त्याला कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. दोन दिवस आधी मी त्याला जवळ घेऊन सांगितलं की बाबांना तिथून आपलं आपण घरी येता येत नाही, आणि मध्ये काच आहे म्हणून ते तुला उचलून घेऊ शकणार नाहीत. त्याने एवढंच विचारलं, ‘आत्या, मग मला बाबा ऐकू येतील का?’

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ साली मंजूर केलेले, कैद्यांना कसं वागवावं हे सांगणारे नेल्सन मंडेला नियम मी या निमित्ताने वाचले. ज्यांचं नाव त्यांना दिलंय, त्या मंडेलांना दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सुरुवातीला सहा महिन्यांतून एक भेट मिळत असे आणि पत्नीला स्पर्श करता आला तो थेट १९८४ मध्ये, २१ वर्षांनी. कुटुंबाच्या भेटीगाठी व्हाव्यात हे ५८वा नियम सांगतो, भेटायला येणाऱ्यांची झडती अपमानास्पद नसावी हे ६०वा. ५४वा नियम तर म्हणतो की कैदी आत येताच त्याला तिथले नियम लेखी द्यावेत. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या हातात मात्र कुणी काही देत नाही. माझी मागणी तेवढ्याच एका कागदाची आहे. माणूस आत गेला त्याच दिवशी तो घरच्यांना मिळावा, सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, आणि वाचता येत नसेल त्याला कुणीतरी वाचून दाखवावा. यात दयामाया करण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने सोळा हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना भेटायला माणसं येत होती, त्यांच्यात पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. तो कागद निघेपर्यंत आपल्या अंकातला एक कोपरा या माहितीला द्यावा, ही विनंती.

परवा रांगेत माझ्यामागे एक आजी होत्या. पहिलीच खेप. कागदांची पिशवी छातीशी धरलेली. मी त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं आणि मुलाने कोणतं नाव दिलंय ते विचारलं. जुळत होतं.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये.)