बीप करणाऱ्या संगणकाविषयी आई-बाबांस

पुणे, १४ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, आतून पुन्हा पुन्हा लांब बीप ऐकू येते, पण पडदा काळा तो काळाच. तुमच्या या एका वाक्याने निम्मे निदान झाले आहे. पंखा फिरतो त्या अर्थी वीज यूपीएसमधून आणि संगणकाच्या डब्यातल्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीतून, मदरबोर्डपर्यंत, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीपर्यंत, पोचते आहे. दुकानदाराने डबा न उघडताच "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या" असा निकाल दिला, तो मला घाईचा वाटतो. मदरबोर्ड पुरता मेला असता, तर त्याला ओरडता तरी कुठून आले असते?

संगणक सुरू होताना विंडोज शोधण्याआधी बायोस नावाची एक छोटी प्रणाली मेमरी, पडदा वगैरे जागेवर आहेत की नाही हे तपासते. त्या क्षणी पडद्यावर काही लिहून दाखवण्याची सोय झालेली नसते, म्हणून ती आपली तक्रार आवाजाने सांगते. बीपचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या बायोसमध्ये निराळा असतो, तरीही लांब बीप थांबून थांबून येत राहिली तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे याच मेमरीच्या पट्टीवर, घ्यावा. देवरुखच्या पावसाळ्यात आपल्या माजघरातल्या पापडाच्या डब्यालाही ओल सुटते, तिथे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटे चढली असतील तर नवल नाही.

तेव्हा पुढील काम सकाळच्या उजेडात, सावकाश करावे. यूपीएस बंद करून डब्यामागची वायर काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा चादरीवर न ठेवता लाकडी टेबलावर आडवा ठेवावा. मागचे स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला की आधी मोबाइलवर आतला एक फोटो काढावा आणि डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घालावा. साधारण १३ सेंटीमीटर लांबीची, उभी खोचलेली पट्टी म्हणजे रॅम. तिच्या टोकाची खिट्टी बाहेरच्या बाजूला दाबली की ती आपोआप वर येते. ती कडांना धरून, स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने खालचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसावेत. जोर केला तर मुलामाच निघेल. रबराचे कण डब्यापासून दूर, कोरड्या ब्रशने झाडावेत. पट्टीची खाच मध्यभागी नसून किंचित एका बाजूला असते, त्यामुळे ती एकाच दिशेने बसते. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्यावा, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. आपल्या संगणकात दोन पट्ट्या आहेत. एका वेळी एकच लावून पाहिली, तर दोषी कोण ते कळेल. दोन्ही पट्ट्या आळीपाळीने, मदरबोर्डवरच्या वेगवेगळ्या खोबणींत लावूनही बीप थांबली नाही, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे मी विचारात घेईन.

आई, तू जूनमध्ये म्हणाली होतीस की संगणक कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. ते दुखणे वेगळे आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. बीपचा त्याच्याशी संबंध नसावा, पण डबा उघडलाच आहे तर तोही बदलून टाकावा. अधिक चिन्ह असलेली बाजू वर ठेवायची. घड्याळजीकडेही तो मिळतो.

एसएमपीएसची पेटी मात्र, बाबा, कितीही मोह झाला तरी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

आईला तिच्या भजनी मंडळाच्या टंकलिखित वहीची काळजी लागली आहे, हे मला ठाऊक आहे. ती वही हार्ड डिस्कवर, म्हणजे सगळे साठवून ठेवणाऱ्या भागावर आहे, आणि ही डिस्क रॅम व मदरबोर्डपासून स्वतंत्र असते. उद्या खरोखरच मदरबोर्ड गेला, तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून सगळे परत काढता येते. म्हणून कोणी "विंडोज नव्याने टाकून देतो" असे सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. आपला संगणक अजून विंडोजपर्यंत पोचलेलाच नाही; नव्याने टाकून बिघाड जाणार नाही, भजने मात्र पुसली जाऊ शकतील.

आईने विजेरी धरावी, तिचा हात स्थिर आहे. पट्टी बसवल्यावर बटण दाबण्याआधी मला फोन लावून मोबाइल डब्याजवळ ठेवा. बीप आलीच तर ती किती लांब आहे आणि किती वेळा येते, हे मला इथून मोजता येईल.

आपली,
मनू