काका, तुम्ही धूर सोडलात म्हणून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मेसेज करून भागलं असतं, पण मेसेजला तुम्ही अंगठा दाखवता आणि विषय संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. आपल्या शनिवारच्या मंडळींनी वाचावं, आणि ज्यांनी मला आधी वाटेला लावलं होतं त्यांनी तर जरूर वाचावं.

काल रात्री 'आयएल-2 स्टुर्मोविक : 1946' या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या कॉम्प्युटर गेममध्ये मी जर्मन मेसरश्मिट 109 घेऊन एका ब्रिटिश स्पिटफायरला भिडलो. कॉकपिट सक्तीचं, बाहेरचा व्ह्यू बंद, शत्रूवर नजर आपोआप खिळवणारं पॅडलॉकही बंद. म्हणजे तुमचं लाडकं सेटिंग. पडलं कोणीच नाही. वळणात तो मला आत घ्यायला बघायचा, मी नाक वर करून चढून जायचो. शेवटी दोघांचंही इंधन संपत आलं आणि आम्ही आपापल्या तळाकडे वळलो. पण पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. मध्यरात्री बायकोला उठवून हे सांगितलं. तिनं काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा खेळ घेतला तेव्हा विमान उडवणं जड जाईल असं वाटलं होतं. ते जमलं. जड गेलं ते बघणं. समोरून आलेलं विमान बाजूनं निघून गेलं की क्षणात आभाळ रिकामं. खऱ्या वैमानिकाला निदान मान तरी असते. आपल्यापुढे एक स्क्रीन, आणि मागे बघायचं तर जॉयस्टिकच्या डोक्यावरचं ते अंगठ्यानं ढकलायचं बटण, हॅट स्विच. याबद्दल ज्याला विचारावं तो खिशाकडेच बोट दाखवायचा. एक म्हणाला, डोकं हलवलं की खेळातली नजर फिरवणारं ट्रॅकआयआर घे. दुसरा म्हणाला व्हीआर हेडसेट नसेल तर या फंदात पडूच नकोस, आणि वर स्वतःच्या सगळ्या सामानाची किंमत ऐकवली. दुकानदारानं आणखी महागडी जॉयस्टिक पुढे केली. एका जाणकारांच्या ग्रुपवर मी झुंजीचं रेकॉर्डिंग टाकलं, तर खाली ओळीनं हसरे चेहरे. त्यातला सर्वांत कामाचा सल्ला होता 'डोळे उघडे ठेवून खेळ'.

तुम्ही तेच रेकॉर्डिंग पाहिलंत. बाहेरून नाही, माझ्याच कॉकपिटमधून, मला जेवढं दिसत होतं तेवढंच. आणि मग विचारलंत, "तो दिसेनासा झाला तेव्हा शेवटचा कुठे होता, आणि कुठे चालला होता?" इतका सरळ प्रश्न तोवर मला कोणी विचारलाच नव्हता.

पण आभार मानायचे आहेत ते त्या प्रश्नाचे नाहीत. आभार त्या शनिवारचे.

बाकीचे लढायला पांगले होते. तुम्ही म्हणालात, "आज गोळी झाडायची नाही. ट्रिगरवरचं बोट काढ. मी तुझ्याभोवती फिरतो, तू फक्त माझ्याकडे बघ." आणि पंखांच्या टोकांतून पांढरा धूर सोडलात. कसरतींसाठी खेळात ठेवलेला तो शोभेचा धूर! शत्रूनं भरलेल्या आभाळात तो सोडणं म्हणजे 'आम्ही इथे आहोत, या आणि मारा' अशी दवंडीच. आणि लोक आले की! तुम्हाला पाडून गेले. तुम्ही पुन्हा उडालात, पुन्हा धूर, पुन्हा माझ्याभोवती घिरट्या. हेडफोनमध्ये तुमच्या पंख्याची घरघर आणि मागून काकूंची हाक, "जेवायला येताय की झाकून ठेवू?" तुम्ही म्हणालात, "ठेव झाकून."

मी आपला बडबडत होतो. डावीकडे, डावीकडे मागे, शेपटीआड गेलात, उजवीकडून निघालात, खाली, आता वर येताय. केव्हातरी तुम्ही शांतपणे म्हणालात, "धूर मघाशीच बंद केलाय रे."

काका, एवढ्यासाठी हे पत्र.

त्या संध्याकाळी जे शिकलो त्यातलं थोडं इथे लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. हॅट स्विचनं एकदम पाठीमागे उडी मारली की डोक्यातला नकाशा पुसला जातो. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. म्हणून बाजूला, मग बाजूच्या मागे, मग पाठीमागे, अशा पायऱ्यांनी जायचं, आणि प्रत्येक पायरीवर क्षितिजाची रेघ कशी तिरपी आहे ते टिपायचं. व्ह्यूचा कोन खेळात 30 ते 90 अंश बदलतो. शोधताना रुंद ठेवायचा, लांबचा ठिपका ओळखायला अरुंद करायचा आणि लगेच परत रुंद. अरुंद कोनात अडकून राहणारा माणूस शेजारून कोण आलं हे पडल्यावरच बघतो. विमान चौकटीआड किंवा नाकाखाली गेलं तर गेलं तिथे बघत बसायचं नाही, ते निघेल तिथे बघायचं. पोटाखाली गेलं तर पंख कलता करून खाली डोकवायचं. आणि तो डोक्यावरच्या काचेत, अगदी मधोमध आला की दांडी ओढायची, कारण विमान ओढलं की तिकडेच जातं. नजर आणि वळण यांची गाठ तिथे पडते. मागे बघताना हात नकळत दांडी ढकलतो, म्हणून आधी ट्रिम (दांडी न धरता विमान सरळ राहील अशी जुळणी), मग नजर, हे तुमचं वाक्य मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

109 च्या छताच्या त्या जाड पट्ट्यांना मी शिव्या घातल्या की तुम्ही हसायचात. ओझरला मिग-21 च्या कामात आयुष्य गेलेल्या माणसापुढे ही तक्रार! तुम्हीच सांगितलंत की मिगच्या पाठीचा कणा इतका उंच की मागचं दिसावं म्हणून नंतरच्या मिगला छतावर छोटा पेरिस्कोप बसवावा लागला. मग गाडी दुसऱ्या महायुद्धावर गेली. स्पिटफायरच्या काचेवर वर लावलेला आरसा. सारखी मान फिरवून गळा सोलवटू नये म्हणून वैमानिक बांधत ते रेशमी स्कार्फ, जे मी आजवर ऐट समजत होतो. अमेरिकन मस्टँगला इंग्रजांनी बसवलेलं फुगीर काचेचं छत, मॅल्कम हुड, आणि मग 1944 मध्ये लढाईत उतरलेली मस्टँगचीच पी-51डी, चहूकडे दिसणाऱ्या बुडबुड्यासारख्या काचेची. 109 च्याही शेवटच्या काळात पट्ट्या कमी केल्या, डोक्यामागच्या पोलादी चिलखतात जाड काच घातली. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर पाठीमागे कोण आहे ते दिसावं म्हणून. हे ऐकल्यापासून हॅट स्विचवर चिडणं मी सोडून दिलं. तेव्हाही माणसं याच गोष्टीशी झगडत होती.

जाणकार पुष्कळ भेटले, काका. त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. ट्रॅकआयआर चांगलंच असणार, आणि तेच काम साध्या वेबकॅमवर करणारं ओपनट्रॅक तर फुकट मिळतं, तेही तुम्हीच सांगितलंत. पण 'तू कमी पडतोस' हे न सांगता माणसाला पुढे नेता येतं, हे त्यांच्यातल्या कोणाला सुचलं नाही. तुम्ही मुद्दाम काही केलं असंही मला वाटत नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोराला दिसत नाहीये, जरा दिसेल असं करू. कोणाचं जेवण गार होतंय, कोणाचा शनिवार वाया जातोय, असली वजाबाकी तुमच्या डोक्यात येतच नाही. अशी माणसं सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतात, एसटीच्या रांगेत असतात, आणि त्यांचे आभार मानायला गेलं की ती "हॅ, त्यात काय" म्हणून पुढची गोष्ट काढतात. तुम्हीही काढाल. म्हणून आधीच लिहून ठेवतोय: त्यात पुष्कळ काही होतं.

काकूंना नमस्कार सांगा, आणि त्या रात्रीच्या झाकून ठेवलेल्या ताटाबद्दल माझ्या वतीनं माफीही.

ता. क. तुमच्यासाठी चांगला माइक मागवलाय, आठवड्याभरात घरी येईल. पैशाची भाषा करायची नाही. त्या पंख्याच्या घरघरीत तुमचा "मागे बघ" मला निम्म्या वेळा "वागे बघ" ऐकू येतो, आणि शनिवारी मला तुम्हालाच पाडायचंय.

तुमचा,
109 वाला