नदीसफरीचे नियोजन काठावरच व्हायला हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुर्गम नद्यांवरून राफ्ट किंवा कयाकमधून दिवसभर वाहत जाण्याच्या सहलींविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. निसर्गवर्णन सुरेख आहे. सुरक्षिततेविषयी मात्र ‘लाइफ जॅकेट जवळ ठेवावे’ एवढेच एक वाक्य आहे आणि तेही सदोष आहे. लाइफ जॅकेट जवळ ठेवायचे नसते, तर निघण्यापूर्वीच अंगात घालून त्याचे सगळे पट्टे आवळायचे असतात, कारण होडी उलटल्यानंतर वाहत्या पाण्यात ते अंगात चढवणे जवळजवळ अशक्य असते. परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. अशा ठिकाणी मोबाइलला बहुधा रेंज नसते आणि मदत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. म्हणून ‘किती वेळ लागेल’ आणि ‘मध्येच बाहेर कोठे पडता येईल’ या दोन प्रश्नांची उत्तरे होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच मिळायला हवीत. लेखात या दोहोंचा उल्लेखही नाही.

वेळेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो तो अंतरापासूनच. नकाशावर दोन ठिकाणांमधले सरळ अंतर कमी दिसते. नदी मात्र वळणे घेत जाते, म्हणून अंतर पात्राच्या मध्यातून मोजावे लागते. संथ नदीत फारसे न वल्हवता ताशी ३ ते ५ किलोमीटर अंतर कापले जाते, असे ढोबळमानाने धरता येते. म्हणजे २० किलोमीटरचा टप्पा कागदावर ४ तासांचा असला, तरी प्रत्यक्षात तो पावणेसात तासांचा होऊ शकतो. त्यात जेवणाचा थांबा, उथळ जागी होडी ओढत नेणे आणि पुढचा खळाळ (खडकांवरून उसळत वेगाने जाणारे पाणी) काठावर उतरून पाहून येणे हे सारे मिळवायचे असते. लांबलचक डोहात वारा समोरून आला, तर हवा भरलेली राफ्ट जागची हलत नाही. कधीकधी ती वरच्या अंगाला मागे ढकलली जाते. अनोळखी नदीवर पहिल्या खेपेला १० ते १२ किलोमीटर पुरेसे आहेत असे माझे मत आहे, आणि सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी सगळे काठावर असावेत.

बाहेर पडण्याच्या जागांचा विचार याहून महत्त्वाचा आहे. रस्त्यापर्यंत पायी जाता येईल अशा जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवाव्यात. दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या घळीत शिरल्यावर माघार घेता येत नाही. तेव्हा घळीच्या अलीकडची शेवटची जागा किती वाजेपर्यंत गाठायची हे घरीच ठरवावे आणि ती वेळ टळली तर तेथेच सहल संपवावी. सहल जेथे संपणार ती जागा आदल्या दिवशी किंवा परतीची गाडी तेथे ठेवायला जाताना पाण्याच्या कडेला उतरून पाहावी, कारण रस्त्यावरून दिसणारा काठ आणि होडीतून दिसणारा काठ यांत फार फरक असतो. (खालच्या अंगाला ठेवलेल्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत विसरणारे गट विरळा नसतात, म्हणून हेही लिहिणे भाग आहे.)

पाण्याच्या पातळीची चौकशी त्याच दिवशी सकाळी करावी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या होडीवरचा किंवा माणसावरचा दाब चौपट होतो. त्यामुळे मागच्या महिन्यात सोपी वाटलेली नदी आज सोपी असेलच असे नाही. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वरच्या खोऱ्यातला पाऊस किंवा धरणातून सोडलेला विसर्ग काही तासांनी खाली पोहोचतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, काठचे दगड बुडू लागले, की लगेच काठ गाठून उंचावर जावे. नद्यांच्या काठिण्याची १ ते ६ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी प्रचलित आहे. नवख्यांनी पहिल्या श्रेणीवर, फार तर दुसरीवर थांबावे. आणि पाणी थंड असेल किंवा ठिकाण दुर्गम असेल तर प्रत्येक खळाळ एका श्रेणीने अवघड मानावा.

मोठ्या लाटांची भीती सर्वांना वाटते, पण संथ दिसणाऱ्या नदीतले खरे धोके दोन आहेत. पहिला धोका पात्रात आडव्या पडलेल्या झाडाचा. पाणी फांद्यांमधून निघून जाते, माणूस मात्र अडकतो आणि प्रवाह त्याला दाबून धरतो. दुसरा धोका बुटक्या बंधाऱ्याचा. त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरत राहते आणि लाइफ जॅकेट घातलेल्यालाही सोडत नाही. दोन्ही ठिकाणी बरेच अलीकडे काठाला लागून होडी उचलून पलीकडे नेणे हाच उपाय आहे.

पाण्यात पडलेल्याने पाठीवर राहून पाय प्रवाहाच्या दिशेने, पृष्ठभागाजवळ ठेवावेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न केला तर दगडांच्या फटीत पाऊल अडकते, म्हणून पाणी अगदी उथळ होईपर्यंत उभे राहू नये. दोर फेकून मदत करता येते, पण तो कोणाच्याही अंगाला बांधू नये. पाणी फार थंड असेल तर पहिल्या मिनिटभरात श्वासावर ताबा राहत नाही आणि सुमारे १० मिनिटांत हातापायांतली ताकद ओसरू लागते. त्यामुळे कपडे हवेचा नव्हे, तर पाण्याच्या तापमानाचा विचार करून निवडावेत. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण बॅगेत न ठेवता अंगावर बाळगावे, कारण होडी सुटली की बॅगही तिच्याबरोबर जाते.

काठावरच्या एका विश्वासू व्यक्तीकडे लेखी तपशील द्यावा: माणसे किती, होड्यांचा रंग कोणता, पाण्यात कोठे उतरणार, बाहेर कोठे पडणार, गाड्या कोठे आहेत आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे. ही शेवटची वेळ ठरवताना संकोच करू नये. तसेच बाहेर आल्यावर सामान आवरण्यापूर्वी, किंवा रेंज मिळताच, त्या व्यक्तीला कळवावे. नाहीतर आपण जेवत बसलेलो असताना शोधपथक अंधारात नदीकाठ धुंडाळत राहते.

यापुढे असे लेख छापताना टप्प्याची लांबी, अपेक्षित वेळ, पातळीची माहिती मिळण्याचे ठिकाण आणि बाहेर पडण्याच्या जागा एवढी चौकट सोबत द्यावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक