बस क्रमांक न देता केलेली तक्रार

दिनांक: 14 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
शहर बससेवेची कंत्राटदार कंपनी

विषय: बस थांब्यावर न थांबणे आणि त्याचा सगळा दोष चालकाच्या माथी मारणे याबाबत तक्रार.

महोदय,

तुमच्या ऑनलाइन तक्रार अर्जात बस क्रमांक आणि चालकाचा बिल्ला क्रमांक हे दोन रकाने सक्तीचे आहेत. ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. दोन्ही क्रमांक माझ्या वहीत लिहिलेले आहेत, पण मी ते तुम्हाला देणार नाही. का देणार नाही, तीच माझी तक्रार आहे.

मी पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावरून रोज सकाळी 8:05 ची बस पकडते. माझ्याकडे मासिक पास आहे. जिल्हा रुग्णालयाजवळच्या एका प्रयोगशाळेत मी रक्ताचे नमुने घेण्याचे काम करते. 16 जून ते 11 जुलै या काळात रविवार सोडून 23 दिवस मी त्या बसची नोंद ठेवली. 7 दिवस बस आली, पण थांबलीच नाही. 3 दिवस आलीच नाही. ज्या 13 दिवशी थांबली, त्यांतले फक्त 4 दिवस ती फुटपाथला लागून उभी राहिली. बाकीचे 9 दिवस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि आम्ही रिक्षा-दुचाक्या चुकवत धावत जाऊन चढलो.

26 जूनची सकाळ सांगते. त्या दिवशी सासूबाई सोबत होत्या. त्यांचे वय 71, दोन्ही गुडघे गेलेले, आणि त्यांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे होते. रिमझिम पाऊस होता. बस आली, थांब्याच्या दहा-बारा पावले पुढे जाऊन वेग कमी केला, दार उघडले. कॉलेजची तीन मुले पळत जाऊन चढली. मी सासूबाईंचा हात धरून निघाले, आम्ही मागच्या चाकापर्यंत पोहोचलो आणि दार बंद झाले. चालकाने आरशात आमच्याकडे पाहिले होते, हे मला दिसले. त्यांनी हात वर करून मागे दाखवले, म्हणजे मागची गाडी येते आहे. मागची गाडी 40 मिनिटांनी आली. सासूबाई मला एवढेच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझा खाडा झाला." हे ऐकायला फार जड गेले.

आणि ही बस लो-फ्लोअर आहे. दाराच्या बाजूने खाली झुकते, चाकाच्या खुर्चीसाठी उतरंडीची फळी आहे. गेल्या वर्षी या गाड्या आल्या तेव्हा तुमच्याच माणसांनी आम्हाला ते प्रात्यक्षिक करून दाखवले होते. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर एकदाही मी बस झुकलेली पाहिलेली नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता यावी असे सांगतो. तुम्ही गाडी तशी घेतलीत, पण ती झुकवायला जे अर्धे मिनिट लागते ते वेळापत्रकात कुठे ठेवलेच नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एप्रिलमध्ये अशीच बस न थांबल्यावर मी तुमच्या अर्जात सगळे रकाने नीट भरून तक्रार केली होती. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर संदेश आला: "संबंधित चालकावर दंडात्मक कारवाई करून आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." मला तेव्हा बरे वाटले, हे कबूल करते. मे महिन्याच्या शेवटी त्याच मार्गावरच्या एका वाहक ताईंनी मला विचारले, "एप्रिलची तक्रार तुमची होती का?" त्या तुम्हाला कंत्राट देणाऱ्या परिवहन उपक्रमाच्या नोकरीत आहेत, तुमच्या नाही. त्यांनी सांगितले की त्या चालकाच्या पगारातून 1,500 रुपये कापले गेले. पगार वीस-बावीस हजारांच्या घरात. ते दादा मला रोज दिसतात. मला ओळखतात. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्यानंतरही 8:05 ची बस पूर्वीसारखीच चुकत राहिली. म्हणजे एका माणसाचे दोन दिवसांचे पैसे गेले आणि माझ्या थांब्यावर काहीही बदलले नाही.

तेव्हापासून मी यात डोके घातले. माझे वडील एसटीत वाहक होते, पुढे वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. घरात लहानपणापासून फेरी, रनिंग टाइम, ब्रेकडाऊन हेच शब्द ऐकत आले. वडील सांगायचे, नवीन मार्ग सुरू करताना कागदावर वेळ लावायची नसते, गाडीत बसून लावायची असते. पावसाळ्यात एकदा, बाजाराच्या दिवशी एकदा, शाळा सुटताना एकदा. वेळ चुकीची लागली की चालक गाडी पळवतो किंवा माणसे सोडतो, तिसरे काही त्याच्या हातात नसते, असे ते म्हणायचे.

तुमच्या बसची वेळ मी माझ्या मुलाला सोबत घेऊन तपासली. तो स्थापत्य अभियांत्रिकीला आहे. मार्ग 14 किलोमीटरचा, थांबे 27, फेरीची वेळ 45 मिनिटे. एका थांब्यावर गाडी थांबून माणसे चढायला-उतरायला सरासरी 20 सेकंद धरले, तरी 9 मिनिटे थांब्यांवरच जातात. उरली 36 मिनिटे. त्यात 14 किलोमीटर म्हणजे ताशी 23 किलोमीटरहून जास्त वेग हवा. सकाळी आठ वाजता, 11 सिग्नल, उड्डाणपुलासाठी खणलेला रस्ता, दोन शाळांच्या दारातली गर्दी हे सगळे धरून. आम्ही पाच दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून वेळ मोजली. सर्वांत कमी 54 मिनिटे लागली, आणि त्या दिवशी बसने 6 थांबे सोडले होते.

हा चालक 27 थांबे घेऊन 45 मिनिटांत पोहोचूच शकत नाही. उशिरा पोहोचला तर पुढची फेरी उशिरा सुटते. ती रद्द झाली तर किलोमीटर बुडतात, आणि किलोमीटर बुडाले की तुमचे बिल कमी होते. उपक्रमाच्या संकेतस्थळावर निविदेची कागदपत्रे आहेत, ती मी वाचली. तुम्हाला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरचे. तिकिटाचे पैसे उपक्रमाकडे जातात. थांब्यावर राहिलेल्या माझ्या सासूबाईंमुळे तुमचा एक रुपयाही बुडत नाही, पण त्यांच्यासाठी गाडी मिनिटभर उभी राहिली तर पुढे किलोमीटर बुडण्याची भीती. थांबा सोडल्याबद्दल उपक्रम तुम्हाला दंड लावतो, हेही त्या कागदांत आहे. तो दंड तुम्ही चालकाच्या पगारातून वसूल करता. मग तुमच्या कार्यालयात बसलेल्या कोणालाही ते 45 मिनिटांचे वेळापत्रक बदलण्याची गरज का वाटावी?

कंत्राटी पद्धतीलाच माझा विरोध आहे असे समजू नका. नवीन गाड्या आल्या, धूर गेला, आवाज गेला, हे चांगलेच झाले. लंडनमध्येही शहराच्या बस खासगी कंपन्याच चालवतात. पण तिथे 2001 पासून असे करार सुरू झाले की प्रवाशाला थांब्यावर ठरल्यापेक्षा किती जास्त ताटकळावे लागले हे मोजायचे आणि त्यावर कंपनीला बक्षीस द्यायचे किंवा तिचे पैसे कापायचे. म्हणजे व्यवस्थापनाचे डोळे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे वळतात. उलट चिलीची राजधानी सांतियागो इथे 2007 च्या फेब्रुवारीत नवी बसव्यवस्था एका दिवसात सुरू केली, तेव्हा कंपन्यांचे उत्पन्न प्रवासी चढो न चढो बरेचसे ठरलेले होते. थांब्यांवर एवढी गर्दी साचली की राष्ट्राध्यक्षांना लोकांची जाहीर माफी मागावी लागली. पैसे कशाचे द्यायचे हे जिथे ठरते, तिथेच बस थांबणार की नाही हेही ठरते.

वेळापत्रकाचा भार चालकाच्या अंगावर कसा पडतो तेही मी पाहिले आहे. शेवटच्या थांब्यावर एक चालक स्टिअरिंगवरच डबा उघडून जेवत होते. तीन घास खाल्ले असतील, तेवढ्यात वेळ झाली म्हणून डबा बंद करून सीटखाली ठेवला. डब्यात भाकरी आणि पिठले होते, अर्धेअधिक तसेच राहिले. तिथे स्वच्छतागृह नाही. पुरुष आडोशाला जातात. वाहक ताई सकाळपासून पाणीच पीत नाहीत, असे त्यांनीच सांगितले. जुलै 2025 मध्ये लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगतो. तो अर्धा तास तुमच्या या मार्गावर कुठे आहे, मला दाखवून द्या. आणि दंडाबाबत: तसाच जुलै 2025 मध्ये लागू असलेला 1936 चा वेतन प्रदान कायदा सांगतो की एका पगारात तीन टक्क्यांहून जास्त दंड लावता येत नाही, आणि माणसाला बाजू मांडू दिल्याशिवाय दंडच लावता येत नाही. बावीस हजारांचे तीन टक्के 660 रुपये होतात. 1,500 कसे कापले? त्या चालकाला कोणी विचारले होते का, की थांबा का सोडलास?

9 डिसेंबर 2024 ला मुंबईत कुर्ल्याला भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून माणसे गेली. त्यानंतर चालकांना नव्या गाड्यांचे किती दिवस प्रशिक्षण मिळते, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. आमच्या मार्गावरच्या घाईकडे मी त्या बातमीनंतर वेगळ्या नजरेने पाहते. बारा मीटरची गाडी, उशीर झालेला चालक आणि शाळेच्या दारातली पोरे यांचा एकत्र विचार केला की पोटात गोळा येतो.

माझा उशीर माझ्यापुरता राहत नाही. उपाशीपोटी साखर तपासायला आलेले लोक सकाळी साडेआठपासून बाकावर बसलेले असतात. 3 जुलैला बस आली नाही. मी पोहोचले तोवर मधुमेहाच्या एका आजोबांना घेरी आली होती. त्यांना गुळाचा खडा देऊन आडवे केले, आणि त्यांची तपासणी वाया गेली. ते खेड्यावरून पहाटेच्या एसटीने आले होते. परत एकदा उपाशी यावे लागेल म्हटल्यावर त्यांनी मला काही सुनावले नाही, फक्त पिशवी उचलली. त्या आजोबांची नोंद तुमच्या कोणत्या अहवालात होणार?

माझ्या मागण्या अशा. या मार्गाची फेरीची वेळ प्रत्यक्ष गाडीत बसून, सकाळच्या गर्दीत, नव्याने लावा. त्यासाठी उपक्रमाकडे जावे लागत असेल तर जा; फेऱ्या थोड्या कमी झाल्या तरी आम्हाला चालेल, पण जी बस लिहिली आहे ती थांबली पाहिजे. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटांची सवड ठेवा आणि तिथे स्वच्छतागृहाची सोय करा. उपक्रमाने लावलेला दंड चालकाच्या पगारातून वसूल करणे बंद करा, आणि एप्रिलमध्ये कापलेले 1,500 रुपये त्या चालकाला परत द्या. तक्रारीच्या अर्जातला बिल्ला क्रमांकाचा रकाना ऐच्छिक करा. त्याऐवजी मार्ग, थांबा आणि वेळ सक्तीचे करा, म्हणजे एकाच थांब्यावरून एकाच वेळेच्या तक्रारी येत आहेत हे तुम्हाला दिसेल. आणि तक्रार निकाली काढण्यापूर्वी तक्रारदाराला फोन करून एवढेच विचारा, की आज बस थांबली का?

या पत्राची प्रत परिवहन उपक्रमाच्या वाहतूक व्यवस्थापकांना आणि आमच्या प्रभागाच्या कार्यालयात दिली आहे. वहीतल्या 23 दिवसांच्या नोंदींची झेरॉक्स जोडली आहे. त्यातले बस क्रमांक पट्टी लावून झाकले आहेत.

येत्या गुरुवारी सासूबाईंना पुन्हा रुग्णालयात न्यायचे आहे. आम्ही दोघी 8 वाजता पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर असू. तुमच्या वाहतूक विभागातले कोणी त्या दिवशी पहिल्या थांब्यापासून बसमध्ये बसून आले तर बरे होईल. चालकाला आधी सांगू नका.

आपली,
एक पासधारक प्रवासी
(नाव, पत्ता व पास क्रमांक सोबतच्या बंद पाकिटात)