डोमेन दुकानदाराच्याच नावावर घ्या

संपादक महोदय,

शहापूर, खानापूर, निपाणीकडची आमची पोरं घरबसल्या डिझाइनची कामं घेतात, छोट्या दुकानदारांना लोगो, ब्लॉग करून देतात, चांगलंच आहे की. पण कुंद्याची मिठाई विकणाऱ्याला डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे हेच ठाऊक नसतं, पोरगं पुण्याला नोकरीला गेलं की पासवर्डही गेला आणि रिन्यूअल चुकलं की साइट बंद! डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) मालकाच्याच ईमेलवर घ्या, लोगोची ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागा, व्हॉट्सॲपवरच्या जेपीजीवरून मोठा बोर्ड छापला की लोगो धूसर दिसतोच. आपल्या कर्नाटकात दुकानाच्या बोर्डवर 60 टक्के कन्नडचा कायदा 2024 पासून आहे, तेव्हा कन्नड-मराठी दोन्ही भाषांची जागा आधीच धरा. साइटवरचा मराठी मजकूर युनिकोडमध्येच (मोबाइलवर टाइप होतो तोच प्रकार), जुन्या फॉन्टातला गुगलला सापडत नाही. आणि ॲडव्हान्स द्या हो, पोरांना फुकट राबवू नका.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव