कर कापला, मग कमिशन कुठे गेले?

संपादक महोदय,

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दिवाळीआधी माझ्या व्हिडिओखालच्या लिंकवरून लोखंडी तवा मागवला. रोज सकाळी त्यावर भाकऱ्या होतात, वास आमच्या घरापर्यंत येतो. मला अशा विक्रीवर कमिशन देणाऱ्या कंपनीच्या हिशेबात मात्र ती ऑर्डर आता 'अपात्र' आहे.

मी घणसोलीत राहते. चार वर्षे मराठीत भांड्यांचे व्हिडिओ करते: नवा तवा तेल पाजून कसा तयार करायचा, कुकरची रिंग कधी बदलायची, मिक्सरचे भांडे गळायला लागले तर काय बघायचे. कोणी माझ्या लिंकवरून वस्तू घेतली तर ठरलेले कमिशन मिळते. हे मी प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीलाच सांगते. तसे सांगावे, अशा सूचना केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत.

ऑर्डर आधी 'पेंडिंग' दिसते, वस्तू परत करण्याची मुदत संपली की 'कन्फर्म' होते. ऑक्टोबर ते डिसेंबरचे माझे ३८,६४० रुपये कंपनीनेच कन्फर्म केले होते. फेब्रुवारीत दोन ओळींचा मेल आला: नियमबाह्य हालचाल आढळली, खाते बंद, रक्कम मिळणार नाही. कोणती ऑर्डर, कोणत्या तारखेची, कोणता नियम मोडला, काही नाही. चार वेळा लिहिले. चारही वेळा तेच उत्तर आले, शब्दसुद्धा तेच.

मग २६-एएस, म्हणजे माझ्या नावे कापलेल्या कराचे आयकर खात्याचे पत्रक, उघडून पाहिले तर त्यात माझ्या पॅनवर याच कंपनीने ३८,६४० रुपये कमिशन दाखवून दोन टक्क्यांनी ७७३ रुपये टीडीएस भरलेला. कमिशन माझ्या नावे जमा दाखवले की, हातात दिले नसले तरी, कर कापावा लागतो. म्हणजे कंपनीच्या वहीत हे पैसे माझे आहेत. आयकर खात्याच्या दृष्टीनेही माझेच. फक्त माझ्या बँक खात्यात ते नाहीत.

या धंद्यात लबाडी होते हे मला ठाऊक आहे. खोटे क्लिक, बनावट ऑर्डरी, लोकांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी (गिऱ्हाईक कोणाच्या लिंकवरून आले ते नोंदवणारी छोटी फाइल) घालून दुसऱ्याचे कमिशन लाटणे, सगळे चालते. कंपनीने तपासायलाच हवे. वस्तू परत गेली तर माझे कमिशनही जावे, त्याला माझी हरकत नाही. पण काकूंची ऑर्डर खोटी होती, तर त्यांचे पैसे परत का आले नाहीत? विक्री खरी आणि ती घडवून आणणारी तेवढी खोटी, हे कसे?

वाशीतल्या वकिलांना भेटले. करारात वाद लवादापुढे न्यायचा असे लिहिले आहे, तोही परराज्यात. त्याचा खर्च अडकलेल्या रकमेहून जास्त. ग्राहक मंचात जावे तर मी ग्राहक नाही. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याने सूक्ष्म उद्योगाला, सेवा देणाऱ्यालाही, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगाची सरकारी नोंद, आधीची हवी, नाहीतर समोरची बाजू तिथेच हरकत घेते, असे वकील म्हणाले. माझी नव्हती. ती ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. घरबसल्या हे काम करणाऱ्या बायकांनी पहिली लिंक टाकण्याआधी ती करून घ्यावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

माझे सासरे वाशीच्या बाजारात माथाडी होते. त्यांनाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. पण १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मजुरी माथाडी मंडळात जमा व्हायची आणि तिथून त्यांना मिळायची. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. एखाद्या व्यापाऱ्याने मनात आले म्हणून तीन महिन्यांची मजुरी गिळली, असे त्यांच्या बाबतीत कधी झाले नाही. ज्या राज्याने गोणी उचलणाऱ्यासाठी हे सत्तावन्न वर्षांपूर्वी करून दाखवले, त्याला लिंकवर विकणाऱ्यांसाठी का जमू नये? कन्फर्म झालेली रक्कम रोखायची असेल तर ऑर्डरनिहाय लेखी कारण द्या, ते तपासायला कंपनीबाहेरचा कोणी तरी असू द्या, आणि नियम बदलला तर तो पुढच्या विक्रीला लावा, मागच्या नको. राज्याच्या कामगार आणि उद्योग खात्याने एवढे तरी मनावर घ्यावे.

माझ्याकडे प्रत्येक ऑर्डरचा स्क्रीनशॉट आहे आणि तारीखवार लिहिलेली वही आहे. कोणी अधिकारी बघायला तयार असेल तर मी घेऊन येईन.

आपली,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई
(दुसऱ्या दोन कंपन्यांचे काम अजून सुरू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)